जुन्या मृदा सर्वेक्षणातून जमिनीची पाणी धरण्याची ताकद कशी काढायची: कोल्हापूर जिल्ह्यासाठी सविस्तर मार्गदर्शक

मे महिन्यात उसाला पाण्याची पाळी किती दिवसांनी द्यायची, ठिबकचा संच किती तास चालवायचा, पाणीपुरवठा संस्थेने कुठल्या गटाला आधी पाणी सोडायचं, या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी दोनच आकडे असतात. पहिला आकडा जमीन वाफशावर असताना तिच्यात किती पाणी असतं याचा. दुसरा आकडा पिकाला ओढता येत नाही असं, पीक कोमेजून जातं त्या वेळचं पाणी किती याचा. या दोहोंतला फरक म्हणजे पिकाच्या उपयोगाचं पाणी.

हे दोन्ही आकडे थेट मोजायला दाबपट्टी यंत्र, म्हणजे प्रेशर प्लेट लागते. ती मोजक्या प्रयोगशाळांत असते आणि एका नमुन्याला बरेच दिवस जातात. पण वाळू, पोयटा, चिकणमाती, सेंद्रिय कर्ब, खोली, गोटे यांचे आकडे आपल्या जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणचे आधीच मोजून ठेवलेले आहेत. त्यांवरून पाण्याचे आकडे काढण्याच्या सूत्रांना पेडोट्रान्सफर फंक्शन म्हणतात. हे नाव डच मृदाशास्त्रज्ञ योहान बौमा यांनी १९८९ मध्ये रूढ केलं.

माझं ठाम मत असं की कुठलं सूत्र घेतलं यापेक्षा सूत्रात घातलेला आकडा कसा मोजला होता हे वाचणं जास्त महत्त्वाचं आहे. म्हणून या लेखात सूत्र बरंच उशिरा येतं.

जिल्ह्याची जमीन आधी डोळ्यासमोर आणा

कोल्हापूर जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलं की शंभरेक किलोमीटरच्या आत जमीन पार बदलते. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर शिरोळकडे पाचशे-सहाशे. पश्चिमेला शाहूवाडी, पन्हाळ्याचा डोंगरभाग, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड इथे तांबडी, जांभ्याची जमीन. मधल्या पट्ट्यात तपकिरी ते मध्यम काळी. पूर्वेला पंचगंगा, कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा यांच्या काठी खोल काळी आणि मळीची जमीन. माळावर वीतभर मातीखाली मुरूम.

काळी जमीन फुगणाऱ्या स्मेक्टाइट चिकणमातीची आहे, तांबडी केओलिनाइट आणि लोहाच्या ऑक्साइडची. दोन्हींत चिकणमाती ४० टक्के दाखवली, तरी पाण्याशी त्यांची वागणूक सारखी नसते. हे डोक्यात ठेवूनच पुढच्या पायऱ्या चढा.

पायरी १: माहिती गोळा करा

पहिल्यांदा हाताशी येते ती मृदा आरोग्य पत्रिका. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत १२ घटक तपासले जातात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, विद्युत वाहकता आणि सेंद्रिय कर्ब. यात पोत, म्हणजे वाळू, पोयटा आणि चिकणमातीचं प्रमाण, नाही. म्हणजे पत्रिकेतून आपल्या कामाला सेंद्रिय कर्ब मिळतो, आणि सामू व वाहकतेवरून खारपड-चोपणचा (क्षार किंवा सोडियम साचल्याचा) संशय घेता येतो, एवढंच. तरीही ती टाकून देऊ नका. कर्बाचा ताजा आकडा जुन्या अहवालात मिळत नाही.

पोतासाठी नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोचे अहवाल आणि नकाशे बघा. त्यांत प्रातिनिधिक खड्ड्यांची थरनिहाय माहिती असते, आणि आपल्याला हवं ते सोनं तिथेच आहे. धरणांच्या लाभक्षेत्रासाठी झालेली मृदा सर्वेक्षणं आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पदव्युत्तर प्रबंधांतली कोष्टकंही उपयोगी पडतात. प्रबंधात अनेकदा पोताबरोबर पाण्याचे मोजलेले आकडेही असतात. असा प्रबंध हाती लागला तर त्याची नीट नक्कल करून ठेवा, त्याचं काम शेवटी आहे.

कुठलाच खड्डा जवळपास नसेल तर सॉइलग्रिड्सचा २५० मीटरचा जागतिक नकाशा आहे. त्याची एककं मात्र फसवतात: चिकणमाती ग्रॅम प्रति किलोत दिलेली असते, म्हणून टक्के काढायला १० ने भागायचं; स्थूल घनतेच्या (ठरावीक आकारमानातल्या कोरड्या मातीच्या वजनाच्या) आकड्याला १०० ने भागलं की ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर मिळते. हा नकाशा यंत्राने शिकून काढलेला अंदाज आहे. तालुक्याचं चित्र बघायला ठीक, एका गटाचा निर्णय त्यावर घेऊ नये.

पायरी २: वाळूचा रकाना कुठल्या पद्धतीचा, ते ओळखा

इथे सर्वांत जास्त घोटाळा होतो, म्हणून थोडं थांबू.

चिकणमाती म्हणजे ०.००२ मिमीपेक्षा बारीक कण, यावर आंतरराष्ट्रीय आणि अमेरिकी या दोन्ही पद्धतींचं एकमत आहे. पण पोयटा कुठे संपतो आणि वाळू कुठे सुरू होते यावर नाही. आंतरराष्ट्रीय पद्धतीत ही सीमा ०.०२ मिमी, अमेरिकी कृषी खात्याच्या पद्धतीत ०.०५ मिमी. आपल्याकडच्या जुन्या कोष्टकांत आंतरराष्ट्रीय पद्धत खूप आढळते, आणि जवळजवळ सगळी प्रचलित सूत्रं अमेरिकी सीमेवर बांधलेली आहेत.

ओळखायची खूण सोपी आहे. कोष्टकात ‘जाड वाळू’ आणि ‘बारीक वाळू’ असे दोनच वाळूचे रकाने असतील, तर बहुधा आंतरराष्ट्रीय पद्धत. वाळूचे पाच रकाने असतील, अतिजाडपासून अतिबारीकपर्यंत, तर अमेरिकी. अहवालाच्या सुरुवातीला पद्धतीचा उल्लेख असतो, तो वाचून खात्री करा.

रूपांतर असं. आंतरराष्ट्रीय बारीक वाळू ०.०२ ते ०.२ मिमीची. लॉगरिदमच्या मापावर बघितलं तर ०.०५ ची सीमा या पट्ट्यात साधारण ४० टक्क्यांवर पडते. म्हणून बारीक वाळूचा ०.४ हिस्सा काढून पोयट्यात टाकायचा.

एक काळा थर घेऊ: जाड वाळू ३, बारीक वाळू १५, पोयटा २७, चिकणमाती ५५. पंधराचे ०.४ म्हणजे ६. तर नवी वाळू १२, पोयटा ३३, चिकणमाती ५५. हाच थर पुढच्या हिशेबात वापरतो.

भारी काळ्या जमिनीत ही दुरुस्ती राहिली तरी उत्तर फारसं हलत नाही. हलक्या जमिनीत मात्र मोठा फरक पडतो. समजा चिकणमाती २०, पोयटा २०, बारीक वाळू ४०, जाड वाळू २० आणि सेंद्रिय पदार्थ १ टक्का. दुरुस्ती न करता वाळू ६० धरली, तर खालच्या सूत्राने उपयोगाचं पाणी मीटरभर खोलीत ९६ मिमी येतं. दुरुस्ती करून वाळू ४४ धरली, तर १२७ मिमी. जमीन तीच, नमुना तोच, आणि उत्तरात जवळजवळ एक तृतीयांशाचा फरक.

पायरी ३: सेंद्रिय कर्बाचं एकक आणि पद्धत

सूत्राला सेंद्रिय पदार्थ हवा असतो, कोष्टकात सेंद्रिय कर्ब असतो. कर्बाला १.७२४ ने गुणलं की पदार्थ. आपल्या काळ्या थराचा कर्ब ०.६ टक्के धरला तर सेंद्रिय पदार्थ १.०३ टक्के.

कर्ब मोजायच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत सगळा कर्ब जळत नाही, सुमारे ७७ टक्केच मोजला जातो. काही प्रयोगशाळा १.३ ची दुरुस्ती करून आकडा देतात, काही देत नाहीत. विचारून घ्या. आणि ६.० असं दिसलं तर ते ग्रॅम प्रति किलो आहे का, तेही पाहा. काळ्या जमिनीत सहा टक्के कर्ब असूच शकत नाही.

पायरी ४: थर, खोली आणि गोटे

अहवालात खड्डा थरांत दिलेला असतो: ० ते १८, १८ ते ४५ असं काहीतरी. नवशिके सगळ्या थरांची सरासरी काढून एकदाच सूत्र चालवतात. तसं करू नका. प्रत्येक थराचं पाणी वेगळं काढा, थराच्या जाडीने गुणा आणि शेवटी बेरीज करा. सूत्र सरळ रेषेचं नाही, त्यामुळे सरासरीवर चालवलेलं सूत्र आणि सूत्रांची सरासरी या वेगळ्या गोष्टी आहेत.

नकाशातला एक रंग म्हणजे एकच जमीन, असंही समजू नका. नकाशाच्या एका घटकात दोन-तीन जमिनी प्रमाणासह दिलेल्या असतात, जसं वरच्या उतारावर उथळ मुरमाड आणि ओढ्याकडे खोल काळी. या दोघींची सरासरी काढली तर जी जमीन तयार होते ती शिवारात कुठेच नसते. प्रत्येकीचा हिशेब वेगळा ठेवा आणि आपला गट कुठल्या जागी आहे ते उतार बघून ठरवा. विहिरीची ताजी कड किंवा ओढ्याची दरड बघितली तर थर आणि खोली दहा मिनिटांत कळते. मुरूम लागला की खोली तिथे संपली असं धरा.

गोट्यांचं म्हणाल तर प्रयोगशाळा २ मिमीच्या चाळणीतून गेलेली मातीच तपासते. चाळणीवर राहिलेले गोटे पाणी फार धरत नाहीत, पण जागा खातात. म्हणून शेवटच्या उत्तराला (१ − गोट्यांचा आकारमानातला हिस्सा) याने गुणायचं. अहवालात गोटे वजनात दिले असतील तर आकारमानात बदलून घ्या. वजनातला हिस्सा नेहमी मोठा दिसतो, कारण दगड मातीपेक्षा जड.

पायरी ५: आता सूत्र

सॅक्स्टन आणि रॉल्स यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेली सूत्रं घेऊ. साध्या एक्सेलमध्ये बसतात. ‘वा’ म्हणजे वाळू आणि ‘चि’ म्हणजे चिकणमाती, दोन्ही दशांशात (१२ टक्के म्हणजे ०.१२). ‘से’ म्हणजे सेंद्रिय पदार्थ, तो मात्र टक्क्यांतच (१.०३).

कोमेजबिंदूचं, म्हणजे पीक कोमेजतं त्या वेळचं पाणी (माती ते १५०० किलोपास्कलच्या ओढीने धरून ठेवते):
क१ = −०.०२४ वा + ०.४८७ चि + ०.००६ से + ०.००५ (वा × से) − ०.०१३ (चि × से) + ०.०६८ (वा × चि) + ०.०३१
क = क१ + (०.१४ क१ − ०.०२)

वाफशाचं पाणी (ओढ ३३ किलोपास्कल):
व१ = −०.२५१ वा + ०.१९५ चि + ०.०११ से + ०.००६ (वा × से) − ०.०२७ (चि × से) + ०.४५२ (वा × चि) + ०.२९९
व = व१ + (१.२८३ व१² − ०.३७४ व१ − ०.०१५)

आपल्या काळ्या थराला क१ = ०.३००, क = ०.३२२. व१ = ०.४०३, व = ०.४४५. फरक ०.१२३. म्हणजे एक मीटर खोलीत १२३ मिमी पाणी पिकाच्या उपयोगाचं. लक्षात घ्या, वाफशावर असताना या मातीत आकारमानाच्या ४४ टक्के पाणी आहे, पण त्यातलं आकारमानाच्या ३२ टक्के इतकं पाणी पिकाला मिळतच नाही. काळी जमीन ओली दिसत असताना ऊस माना का टाकतो, त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आता पश्चिमेकडची एक तांबडी जमीन: चिकणमाती ३८, वाळू ३२, पोयटा ३०, कर्ब १.२ म्हणजे सेंद्रिय पदार्थ २.०७. कोमेजबिंदू ०.२३३, वाफसा ०.३६६, फरक ०.१३३. मीटरला तांबडी थोडी वरचढच दिसते! पण तिची खोली ४५ सेंमी आणि गोटे २५ टक्के असतील, तर ४५ सेंमीत ६० मिमी, गोटे वजा जाता ४५ मिमी. काळी ९० सेंमी खोल असेल तर १११ मिमी. पोतापेक्षा खोली आणि गोटे यांनी निकाल लावला. सर्वेक्षणातल्या याच दोन रकान्यांकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पायरी ६: सूत्र कुठे चालत नाही ते तपासा

या सूत्रांसाठीची माहिती अमेरिकेतल्या जमिनींची आहे, आणि ती बांधताना ६० टक्क्यांवर चिकणमाती किंवा ८ टक्क्यांवर सेंद्रिय पदार्थ असलेले नमुने वगळले होते. नदीकाठच्या काळ्या थरात चिकणमाती ६० च्या वर दिसली तर त्या ओळीवर लाल खूण करा.

दुसरी तपासणी चिकणमातीच्या जातीची. अहवालात धन आयन विनिमय क्षमता (धन भाराचे आयन धरून ठेवण्याची मातीची ताकद) दिलेली असते. तिला चिकणमातीच्या टक्क्यांनी भागा. क्षमता ५० आणि चिकणमाती ५५ असेल तर ०.९१. गुणोत्तर ०.६ च्या वर म्हणजे फुगणारी, भेगाळणारी जमीन. जांभ्याच्या जमिनीत ते बरंच खाली येतं.

तांबड्या जमिनीत आणखी एक सापळा आहे. लोहाचे ऑक्साइड चिकणमातीचे कण घट्ट बांधून ठेवतात. प्रयोगशाळेत ते पूर्ण सुटे झाले नाहीत तर त्यांची गणना पोयट्यात किंवा वाळूत होते. ओळखायचं असं: १५०० किलोपास्कलचं वजनी पाणी मोजलेलं असेल तर त्याला चिकणमातीने भागा. साधारण ०.४ यायला हवं. ०.६ च्या वर गेलं तर चिकणमाती कमी मोजली गेल्याचा संशय घ्या आणि हे वापरा: चिकणमाती = २.५ × (१५०० किलोपास्कलचं पाणी − सेंद्रिय कर्ब), सगळं टक्क्यांत. उदाहरणार्थ, प्रयोगशाळेची चिकणमाती २८, पाणी १९, कर्ब १.२. गुणोत्तर ०.६८. सुधारलेली चिकणमाती ४४.५. ज्या थराचं पाणी मोजलेलं आहे तिथे मोजलेलाच आकडा वापरा. ही दुरुस्ती आजूबाजूच्या, फक्त पोत माहीत असलेल्या थरांच्या कामाची.

पायरी ७: स्थूल घनता

त्याच संचातल्या सूत्रांनी आपल्या काळ्या थराची घनता १.२५ ग्रॅम प्रति घन सेंमी येते. हा आकडा ओल्या, फुगलेल्या अवस्थेच्या जवळचा. उन्हाळ्यात त्याच जमिनीचं ढेकूळ कितीतरी घट्ट असतं आणि मधे हातभर भेगा असतात. म्हणून काळ्या जमिनीची घनता कुठल्या ओलीला मोजली हे लिहिल्याशिवाय तो आकडा अर्धवट. ट्रॅक्टर आणि ऊस भरलेल्या ट्रॉल्यांनी दाबलेला थर तर सूत्राला कळतच नाही.

पायरी ८: पाण्याच्या पाळीचा हिशेब

काळी जमीन, ९० सेंमी मुळं, १११ मिमी उपयोगाचं पाणी. ऊस यातलं साधारण ६५ टक्के ताण न बसता वापरतो, असं जागतिक अन्न व कृषी संघटनेचं मार्गदर्शन आहे. म्हणजे ७२ मिमी. समजा पूर्ण वाढीचा ऊस दिवसाला ६ मिमी पाणी घेतोय, तर १२ दिवस. वरच्या तांबड्या ४५ मिमीच्या जमिनीत हाच हिशेब पाच दिवसांपेक्षाही कमी येतो. तिथे पाटाने पंधरा दिवसांनी पाणी देऊन पीक नीट येणार नाही. ठिबकने थोडं थोडं द्यायला हवं.

आकड्यावर किती विसंबायचं? वाफसा किंवा कोमेजबिंदूच्या अंदाजात ४ टक्क्यांची चूक सहज असते. उपयोगाचं पाणीच १२ टक्के, त्यावर ४ म्हणजे तिसरा हिस्सा. म्हणून १२ दिवस हे उत्तर ‘८ ते १६’ असं वाचा.

पायरी ९: शेतात एकदा ताडून बघा

दोन मीटर लांब-रुंद वाफा करा, बांध घाला, ९० सेंमीपर्यंत ओल जाईल इतकं पाणी मुरू द्या आणि वर प्लास्टिक झाका. तांबड्या जमिनीत दोन दिवस, भारी काळ्यात तीन-चार दिवस थांबा. मग गिरमिटाने दर १५ सेंमीचा नमुना घेऊन लगेच डबी बंद करा. ओलं वजन घ्या, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये २४ तास ठेवा, पुन्हा वजन घ्या. तव्यावर भाजू नका, सेंद्रिय पदार्थ जळतो आणि पाणी जास्त दिसतं.

माती डबीचं वजन वजा जाता १४८ ग्रॅम होती आणि वाळून ११० झाली, तर पाणी ३८, म्हणजे वजनी ३४.५ टक्के. हे वजनातलं आहे, सूत्राचं उत्तर आकारमानातलं. म्हणून घनतेने गुणा: ३४.५ × १.२५ = ४३.१ टक्के. सूत्राचे ४४.५ होते. इतकं जुळलं तर पुढे जा. घनतेसाठी पाच सेंमी व्यासाचा, पाच सेंमी उंचीचा लोखंडी पाइपचा तुकडा धार लावून वापरता येतो. त्यात ९८ घन सेंमी माती मावते.

सतत एकाच बाजूला चूक येत असेल तर स्थानिक सूत्र बांधायची वेळ आली. पहिल्या पायरीत जपून ठेवलेले प्रबंधांतले मोजलेले आकडे इथे काढा. एकाच जातीच्या जमिनीचे पंचवीस-तीस थर मिळाले तरी चिकणमाती आणि कर्बावरून साधं समाश्रयण (रिग्रेशन) एक्सेलमध्ये निघतं. पाच-सात थर बाजूला ठेवून त्यांवर ते तपासा. काळी आणि तांबडी एकत्र करू नका, दोन वेगळी सूत्रं करा.

पायरी १०: खारपड-चोपण जमिनी वेगळ्या काढा

शिरोळ-हातकणंगल्याकडच्या पाणथळ, क्षारांच्या पट्ट्यात वरचा कुठलाच आकडा जसाच्या तसा वापरू नये. पाणी मुरण्याचा वेग काढायचं सूत्रही याच संचात आहे आणि आपल्या काळ्या थराला ते तासाला सुमारे १.३ मिमी देतं. पण त्या सूत्राला सोडियम माहीत नाही. विनिमययोग्य (मातीच्या कणांनी धरलेलं) सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेलं की चिकणमातीचे कण सुटे होऊन रंध्रं बुजतात आणि तोच पोत असलेली जमीन पाणी पार अडवून धरते. क्षार जास्त असतील तर उलट, माती ओली असूनही पिकाला पाणी ओढता येत नाही, म्हणजे कोमेजबिंदूचा आकडाही खोटा ठरतो.

म्हणून सामू ८.५ च्या वर किंवा वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर दिसली की तो गट हिशेबातून बाजूला ठेवा. वाहकता संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) आहे की पत्रिकेतली १:२.५ द्रावणाची, हेही बघा. पत्रिकेतला आकडा बराच लहान असतो, त्याला ४ ची मर्यादा लावली तर खारपड जमीन चांगली म्हणून सुटून जाते. निचऱ्याचे सच्छिद्र पाइप किती अंतरावर टाकायचे हे ठरवायला तर अंदाज नकोच. गिरमिटाने पाण्याच्या पातळीखाली भोक घ्या, पाणी स्थिर होऊ द्या, ते उपसून काढा आणि दर काही सेकंदांनी पातळी किती वर येते ते घड्याळ लावून लिहा. ही मोजणी एका सकाळी होते, आणि पाइपांमधलं अंतर तिच्यावरूनच ठरवा.